मधल्या खिडकीची चौकशी

सोयरिकीची चौकशी करावी तर मीच, असं आमच्या गोतावळ्यात सगळे मानतात. कोणाच्या पोरीला स्थळ सांगून आलं की आधी मला फोन येतो. मग मी धामणगावला जातो, दर्यापूरला जातो, चांदूर रेल्वेला जातो, आणि कुठंही पोरीकडचा म्हणून जात नाही. कधी भाड्यानं खोली पाहणारा होतो, कधी तुरीचं बियाणं शोधणारा. पोराच्या गल्लीतल्या पानठेल्यावर उभा राहतो, तिथल्याच न्हाव्याकडं दाढीला बसतो. सरळ विचारलं तर लोक सरळ तोंडावर खोटं बोलतात, आडून विचारलं तर खरं आपोआप बाहेर पडतं. जन्म गेला माझा अकोल्याच्या बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक म्हणून. माणसावर पहिल्या झटक्यात विश्वास ठेवणं त्या खिडकीत बसून जमतच नाही.

तर मग माझ्या स्वतःच्याच पोरीबद्दल मला संशय आला तेव्हा मी काय हातावर हात धरून बसणार होतो?

पोरगी पुण्याला चांगल्या नोकरीत होती. दोन वर्षांपूर्वी ती सोडून आमच्या अमरावतीच्या घरी आली. अर्धा दिवस कोण्या कंपनीचं काम वरच्या खोलीत बसून करते, त्याचे पैसे येतात, तक्रार नाही. पण उरलेला दिवसभर ती दुसरंच काही करत बसायची. एका प्रोग्रामनं दुसऱ्या प्रोग्रामला निरोप धाडायचा, त्यासाठी लागणारं तयार सामान म्हणे. मेसेजिंगची लायब्ररी. आणि हे सामान ती जगाला फुकट देते! कोणीही न्यावं, उघडून पाहावं, बदलावं, वापरावं. कोण कुठले लोक तिला लिहीत होते, हे बिघडलं, ते दुरुस्त कर. आणि ही करून देत होती. टाइप करू करू उजव्या मनगटाला पट्टा आला. डॉक्टरनं सांगितलं, हाताला आराम द्या, नाहीतर पुढं चमचाही धरता येणार नाही. हिनं पट्टा बांधला आणि पुन्हा तेच.

मी एक दिवस वर गेलो. वर गेलो म्हणजे भांडायलाच गेलो, खरं सांगायचं तर.

"कोनासाठी मरून राहिली तू? फुकट तं कोनी रस्ता बी सांगत नाही. कोन हाये हे लोक?"

"बाबा, तुमाले नाही समजणार."

"मले नाही समजत? अकोल्याहून सुटणारी गाडी न् गाडी मले पाठ होती, अन् मले नाही समजत! हात दाखव तो."

"काही नाही झालं हाताले."

मी दार आपटून खाली आलो. हिच्या आईनं माझ्याकडं न पाहताच भाकर उलटवली आणि म्हणाली, "अवो, पोट्टीशी बोलाले जाता का पोट्टीले झोडपाले?" पण मनात पक्कं झालं, की सरळ विचारण्यात राम नाही. कोणीतरी माझ्या पोरीला राबवून घेत आहे, आणि ते कोण हे शोधायला माझी जुनीच रीत बरी.

तिच्या त्या कामाचं एक पान इंटरनेटवर आहे, सगळ्यांना दिसतं. तिथं तिनं इकडच्या कॉलेजातल्या मुलांसाठी मराठीत प्रश्न विचारायची सोय केलेली. मी फोनवर नवं अकाउंट काढलं. नाव घेतलं माझ्या ओळखीच्या एका जुन्या ड्रायव्हरचं, फोटो लावला सूर्यफुलाचा. आणि बोली? ती तर बदलावीच लागणार होती. स्थानकावर माइकवर जी मराठी बोलायचो ना, 'प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे' वाली, ती काढली आणि लिहिलं, 'कृपया आपल्या प्रकल्पाची ढोबळ रचना सामान्य माणसास समजेल अशा शब्दांत सांगावी.'

मला वाटलं, उडवून लावेल. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर हे एवढं लांब उत्तर.

'एका प्रोग्रामला दुसऱ्याला काही कळवायचं असलं,' तिनं लिहिलं होतं, 'आणि त्यानं थेट जाऊन सांगायचं ठरवलं, तर दुसरा त्या वेळी जागा पाहिजे. तो बंद असला की निरोप वाया. म्हणून मध्ये एक जण बसवतात. तो निरोप घेतो, रांगेत लावतो, समोरचा जागा झाला की देतो. आमची लायब्ररी म्हणजे तो मधला नव्हे. त्या मधल्याशी बोलायची ती रीत आहे, आणि तिचे तीन मजले आहेत. वर फक्त खिडकी: हे पाठव, आणि असं काही आलं की मला सांग. वापरणाऱ्याला एवढंच दिसतं. मधल्या मजल्यावर नियम राहतात. कोणता निरोप कोणत्या रांगेत जाईल, पोच आली नाही तर पुन्हा कधी पाठवायचा, कधी नाद सोडायचा. सगळ्यात खाली रस्ते. मध्ये बसणारे वेगवेगळ्या प्रकारचे असतात, प्रत्येकाशी बोलायचा एकेक तुकडा तिथं जोडला आहे. उद्या रस्ता बदलला तर खालचा तुकडा बदलायचा. वरच्या खिडकीला पत्ताही लागत नाही.'

मी ते दोनदा वाचलं. समजलं. बाप्पा, चक्क समजलं! आणि समजल्यामुळंच संशय वाढला. कारण जिथं मधला आला तिथं माझे कान टवकारतात. आजवर मधल्यानं कोणाचं भलं केलं आहे? मी लिहिलं, 'मध्ये बसणारी व्यक्ती निरोप उघडून वाचत नाही, याची खात्री काय?'

तिचं उत्तर मी कूलरसमोर बसून वाचलं.

'लहानपणी आम्ही अकोल्यात राहायचो,' असं सुरू झालं होतं ते. 'माझे वडील बसस्थानकावर नियंत्रक होते. शिकायला शहरात राहणाऱ्या पोरांचे डबे त्यांच्या आया सकाळच्या गाडीत ड्रायव्हरजवळ ठेवून द्यायच्या. पोरगं घ्यायला आलं नाही तर डबा बाबांच्या खिडकीत राहायचा. ते डब्यावरचं नाव वाचत, तेवढंच. आत भाजी आहे की पैसे आहेत, त्यांनी कधी पाहिलं नाही. आमचा मधला मजलाही पाकिटावरचं तेवढं वाचतो. आतलं उघडायची त्याला गरजही नाही, परवानगीही नाही. विश्वास नसेल तर कोड उघडा आहे, स्वतः वाचून पाहा.'

आणि खाली एक ओळ. 'घरी मात्र बाबा प्रत्येक डबा उघडून बघतात.'

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्याच छताखाली बसून, माझीच भाकर खाऊन, ही पोट्टी एका परक्या माणसाला माझ्याबद्दल असं सांगते? तो परका मीच होतो, हे रागात पार विसरलो. हिची आई विचारत होती काय झालं म्हणून, तिला काय सांगणार, कपाळ? मग राग जरा ओसरल्यावर वरचं पुन्हा वाचलं. त्यांनी कधी पाहिलं नाही. खरंच नव्हतं पाहिलं. इतकी वर्षं त्या खिडकीत गेली, निवृत्तीला शाल-नारळ मिळाला, भाषणं झाली, पण ही गोष्ट कोणी काढली नव्हती. पोरीच्या ध्यानात होती. माझा ऊर भरून आला, आणि ते सांगायला कोणी नव्हतं.

मग मला त्याचा नादच लागला. मी विचारत गेलो, ती सांगत गेली. पोच केव्हा द्यायची? तर काम पूर्ण झाल्यावर, निरोप हाती पडल्याबरोबर नाही. 'आमच्या वऱ्हाडात फोनवर 'निघालो' म्हणणारा माणूस अजून आंघोळीलाच असतो,' तिनं लिहिलं, 'तसली पोच आम्ही धरत नाही.' मी एकटाच मोठ्यानं हसलो. ज्या निरोपाला कोणीच धनी सापडत नाही त्याचं काय? तर त्याची वेगळी रांग, फेकायचा नाही, नंतर माणसानं येऊन पाहायचं. एकदाही तिनं त्या सूर्यफुलाला 'तुम्हाला नाही समजणार' म्हटलं नाही. खाली जेवायला आली की आमचं बोलणं मीठ दे, पाणी दे. आणि फोनवर त्या सूर्यफुलाला असं लिहायची की वाटावं हिच्यासारखी शिकवणारी नाही.

पण मी गेलो होतो चौकशीला, ते मी विसरलो नव्हतो. सोयरिकीत जे विचारतो ते एकेक काढलं. या कामाचे पैसे कोण देतं? मागं कोणी मोठा माणूस आहे का? उद्या आपण आजारी पडलात तर कोण पाहणार? तिनं सगळ्याची उत्तरं दिली, पण थोडक्यात. त्यात कळलं की नवी आवृत्ती बाहेर पाठवायची तर एक किल्ली लागते, म्हणजे तिची सही समजा, आणि ती फक्त तिच्याजवळ आहे. म्हणजे हिला सुट्टी नाहीच! मनगटाचं कारण मला सापडलं. मी लगेच लिहिलं, 'किल्ली एकाच व्यक्तीकडे असणे योग्य नव्हे. दुसऱ्या जबाबदार व्यक्तीस तातडीने द्यावी.' उत्तर आलं नाही. मी पुन्हा लिहिलं. मग आणखी जरा कडक लिहिलं. ती गप्पच. मला वाटलं, हात जास्त दुखत असेल.

एका दुपारी जेवताना तिनं ताट तसंच ठेवलं. चेहरा उतरलेला.

"काय झालं?" हिच्या आईनं विचारलं.

तेव्हा ती बोलली. नाशिकचा एक मुलगा वर्षभरापासून तिला या कामात मदत करत होता. हुशार, शांत. या महिन्यात त्याला दुसरी किल्ली द्यायचं ठरलं होतं, आणि त्यानंतर ती हाताला पूर्ण आराम देणार होती. डॉक्टरशी बोलणंही झालं होतं.

"मंग दे ना!" मी म्हणालो. जरा जोरातच म्हणालो.

"नाही देत आता. कोनीतरी मागं लागलं हाये, बाबा. नवीन अकाउंट. मराठी इतकी शुद्ध का विचारू नका, असं कोनी लिहीत नाही. आधी म्हने रचना सांगा. मंग मधला काय वाचते. मंग पैसे कोन देते, तुमी आजारी पडल्या तं काय, किल्ली कोनाजवळ हाये. अन् आता रोज तेच, दुसऱ्याले किल्ली द्या, लवकर द्या."

मी भातावर पुन्हा वरण वाढून घेतलं.

"असंच करतात हे लोक," ती म्हणाली. "एक जण त्रास देऊ देऊ जीव नकोसा करते. दुसरा मदतीले उभा राह्यते, गोड बोलते, किल्ली घेते. अन् मंग आपल्या सामानात असं काही घालून ठेवते, का ते वापरणाऱ्या सगळ्याईच्या घरात चोर शिरन. मले वाटते हे दोघं एकच हायेत. त्या मुलाले मी परवा सरळ विचारलं, कोन हाये तुझ्यासंगं म्हणून. तवापासून तो काही लिहीतच नाही."

बसस्थानकावर खिसेकापू याच रीतीनं काम करतात. एक जण धक्का देतो, दुसरा 'अरे काका, सांभाळा' म्हणून धरतो, पाकीट गेलेलं असतं. मी स्वतः धरून दिलेत असे. पोरगी माझ्यावरच गेली होती, तिचा हिशेब बरोबर होता. फक्त धक्का देणारा तिच्यासमोर बसून वरण-भात खात होता.

आता कोणी म्हणेल, तिथंच का नाही बोललास? नाही बोललो. बोललो असतो तर ते सूर्यफूल त्याच मिनिटाला मेलं असतं, आणि त्याच्याबरोबर ती समजावून सांगणारी पोरगीही. मी स्वतःला सांगितलं, आपण लिहिणं बंद करू, चार दिवसांत ती विसरेल, किल्ली देईल. आपोआप निस्तरेल.

काही निस्तरलं नाही. ती त्या मुलाचं वर्षभराचं काम ओळ न् ओळ तपासायला बसली, कुठं काही लपवलं आहे का म्हणून. मी चहा घेऊन वर गेलो तर उजवा हात मांडीवर सुजून पडलेला आणि डाव्या हातानं एकेक बटण दाबणं चाललेलं. मला पाहून तिनं सुजलेला हात ओढणीखाली घेतला.

"तो नाशिकचा पोट्टा चांगला असंन वं," मी म्हणालो. "उगीच कोनाचं वाईट कायले चिंतावं?"

तिनं मान वर केली. डोळे बारीक. "तुमाले कसं माहीत? तुमी कोनाशी बोलले काय?"

बापाची नजर होती ती, माझीच. तिच्यापुढं टिकाव लागणार नव्हता.

"तो शुद्ध मराठीवाला मी हाये," मी म्हणालो.

ती हसली. हसून पुन्हा कामाला लागली! "मले बरं वाटावं म्हणून काहीही नका सांगू, बाबा."

"अवं माय, खरंच मी हाये."

आता ती उठली. "फोन द्या इकडं. कोनी फोन केला होता तुमाले? ओटीपी सांगितला काय कोनाले?"

घ्या! कबूल केलं तरी माणूस खोटा. मी चहाचा कप खाली ठेवला आणि माइकवरच्या आवाजात म्हणालो, "कृपया किल्ली दुसऱ्या जबाबदार व्यक्तीस तातडीने द्यावी." आणि फोन तिच्या हातात दिला. सूर्यफूल, ड्रायव्हरचं नाव, सगळे प्रश्न, सगळी उत्तरं. ती उभ्यानं खाली खाली वाचत गेली. डब्याच्या त्या ओळीपाशी थांबली असावी, कारण तिचे कान लाल झाले.

"तुमी माझी चौकशी केली? मी काय स्थळ हाये?"

"मंग काय करू? विचारलं तं सांगत नाही!"

"भैताडासारखं काय करून ठेवलं हे! त्या मुलाले मी चोर म्हटलं, बाबा. तुमच्यापायी. वर्षभर त्यानं एक रुपया न घेता काम केलं अन् मी त्याले चोर म्हटलं." तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि आवाज माझ्यापेक्षा मोठा. खालून हिची आई विचारत होती, काय झालं वं? पोरीनं फोन माझ्या हातात परत दिला. "आता तुमी लिहा. त्याच पानावर. सगळ्याईच्या समोर."

"माझ्या नावानं?"

"बापाच्या नावानं."

मी लिहिलं. या वेळी माइकची मराठी नाही आणली. लिहिलं का मी या पोरीचा बाप, तिच्या हाताची चिंता होती म्हणून आडून आडून इचारलं, या नाशिकच्या पोराशी माझी ओळख नाही का पाळख नाही, तो साधा हाये, माझ्या चौकशीची शिक्षा त्याले देऊ नका. तिनं तिचं वेगळं लिहिलं, माफी मागितली, मी वाचलं नाही. संध्याकाळ होईस्तोवर आम्ही दोघं त्या खोलीत बसून होतो, उत्तराची वाट पाहत. मग त्या मुलाचं उत्तर आलं. तिला त्यानं लिहिलं होतं की दुखलं, पण तिच्या जागी तो असता तर त्यानंही हेच विचारलं असतं. आणि मला वेगळी एक ओळ. 'काका, माझे वडील पण रोज विचारतात, याचे पैसे कोण देतं.'

तिनं त्याला किल्ली दिली. कशी देतात ते मी पाहिलं, काही दिसत नाही त्यात, चार ओळी लिहिल्या आणि झालं. मग कॉम्प्युटर बंद केला. झोपायच्या आधी तो बंद झालेला मी दोन वर्षांत पाहिला नव्हता.

"उत्तरं समजली होती का तुमाले?" तिनं विचारलं.

"समजली ना. सगळी समजली."

"मंग घरी काहून नाही विचारलं?"

"तू घरी अशी सांगत नाही."

"तुमी घरी असं विचारत नाही, बाबा."

आयुष्यभर कुठं कुठं जाऊन, काय काय सोंगं घेऊन मी लोकांकडून काढून घेतलं, आणि हिला हाताबद्दल एकदाही नीट विचारलं नव्हतं. मग मी अगदी हळू विचारलं, "हात दुखते काय वं?"

तिनं पट्टा सोडला आणि हात माझ्यापुढं धरला.

"दुखते, बाबा," ती म्हणाली. "लय दुखते."